तीनशे मीटर, चार मालक

पत्र:

सर, सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. पहिलीच वेळ. गावात तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, आजूबाजूच्या गावांची सगळी माणसं तिथंच येतात. एसटी थांब्यापासून रुग्णालयाच्या गेटापर्यंत तीनशे मीटर अंतर असेल, पण ते चालणं अवघड आहे. फूटपाथ नाही, गटार उघडं, दिवेलागणीनंतर अंधार. दोन्ही बाजूंना टपऱ्या आणि वडापच्या जीपा. उसाचा हंगाम सुरू झाला की जोड-ट्रॉल्यांच्या मागं ॲम्ब्युलन्स अडकून पडते. भाद्रपदात माझ्या सासूबाई बीपीच्या गोळ्या आणायला निघाल्या आणि गटारावरची फरशी पलटून आत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. गेट तिथून चाळीस पावलांवर होतं.

तेव्हापासून मी हिंडतेय. रुग्णालयात सांगतात, गेटाबाहेरचं आमच्याकडं नाही. बांधकाम विभाग म्हणतो, डांबर आमचं, गटार पंचायतीचं. सरपंच म्हणतात, पैसे नाहीत. आमदारसाहेबांच्या कार्यालयातून सांगितलं, प्रस्ताव द्या. 'रुग्णालय परिसर सुशोभीकरण' असं नाव देऊन लिहायचं ठरवलंय, पण प्रस्ताव म्हणजे नक्की काय द्यायचं? कुणाकडं मागायचं? सोलापूर शहरात स्मार्ट सिटीतून रस्ते झाले, तसं काही आम्हाला मिळेल का? आणि टपरीवाले म्हणतात, आम्हाला उठवायला निघालीस का. त्यांना काय सांगू?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चाळीस पावलांपाशी दोन्ही वेळा थांबलो. नोकरीची सगळी वर्षं मी रस्ते-गटारांच्या फायली हाताळल्या, त्यातली बरीच याच जिल्ह्यात. म्हणून खात्रीनं सांगतो, तुम्हाला उत्तरं देणारा एकही माणूस खोटं बोललेला नाही. रुग्णालयाची हद्द खरोखर गेटाशी संपते. डांबर खरोखर बांधकाम विभागाचं असेल. गावाच्या बाजूचं गटार पंचायतीकडंच असणार. प्रत्येकानं आपापला तुकडा सांगितला. सासूबाई पडल्या ती जागा मात्र कुणाच्याच तुकड्यात आली नाही. म्हणून निधी कुठून आणायचा हे शोधण्याआधी दुसरं काम करा. या तीनशे मीटरचे मालक कोण, ते कागदावर आणा. मालक ठरला की पैसे कुठून मागायचे हे जवळजवळ आपोआप ठरतं.

स्मार्ट सिटीचं आधी सांगून टाकतो. २०१६ मध्ये देशातली पहिली वीस शहरं निवडली गेली, त्यात सोलापूर होतं. ती योजना शहरांपुरती होती, ग्रामपंचायतीला त्यातून काही मिळत नाही. तुमच्या गावाची वैराग किंवा नातेपुत्यासारखी नगरपंचायत झाली असती, तर नगरोत्थान या शहरांसाठीच्या राज्य योजनेचा दरवाजा उघडला असता. ती झालेली नाही. त्यामुळं तुमची वाट जिल्हा नियोजन समिती, ग्रामविकास विभाग आणि पंचायत अशीच जाते.

एका बाजाराच्या दिवशी पन्नास मीटरचा टेप, वही आणि दोन माणसं घेऊन थांब्यापासून निघा. बाजाराचाच दिवस धरा, कारण रस्ता खरा किती उरतो ते त्याच दिवशी कळतं. दर दहा मीटरला चार आकडे लिहा: डांबराची रुंदी, डांबराच्या कडेपासून गटारापर्यंतची साईडपट्टी, गटाराची रुंदी-खोली, आणि गटारापासून समोरच्या भिंतीपर्यंत किंवा टपरीपर्यंतचं अंतर. विजेचा खांब, रोहित्र, हातपंप, झाड, नळाचा व्हॉल्व्ह, जे मध्ये येईल ते नोंदवा. फरशी कुठं आहे, कुठं नाही, कुठली हलते तेही लिहा. दुपारभराचं काम आहे. पण हा कागद हातात असलेला माणूस शाखा अभियंत्यासमोर बसला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे.

मग त्या कागदावर मालक लिहायचे. गावातून जाणारा रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग (कागदावर 'प्रजिमा') किंवा राज्य मार्ग असेल तर तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा. इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहा, पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. दगड गाडला गेला असेल किंवा रंग उडाला असेल तर तालुक्याच्या बांधकाम उपविभागात जा आणि रस्त्याचा क्रमांक आणि साखळी विचारा, म्हणजे तुमचा तुकडा कितव्या किलोमीटरच्या किती मीटरपासून किती मीटरपर्यंत येतो ते. हे दोन आकडे लिहून घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगायला कुरकुर झाली तर माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज द्या, तीस दिवसांत लेखी उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

मुख्य रस्त्यावरून रुग्णालयाकडं वळणारी गल्ली बहुतेक पंचायतीची असेल. इथं एक गोष्ट जपून तपासा. पंचायतीच्या दप्तरात नमुना २३ म्हणून ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही असते. त्या गल्लीची नोंद, लांबी-रुंदीसकट, तिच्यात आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. असेल असं गृहीत धरू नका. मी नोकरीत असताना एका गावच्या दवाखान्याच्या रस्त्याची फाईल तीन वेळा परत आली होती. पहिल्यांदा कारण वेगळं सांगितलं, दुसऱ्यांदा वेगळं, आणि तिसऱ्यांदा कळलं की तो रस्ता नमुना २३ ला नाहीच. लोक तीस-चाळीस वर्षं त्यावरून चालत होते, कागदावर मात्र ती नुसती मोकळी जागा होती. ग्रामसभेचा ठराव होऊन नोंद लागेपर्यंत मार्च उलटला आणि त्या वर्षीचा निधी दुसरीकडं वळला. नोंद नसेल तर पुढच्याच मासिक सभेत विषय घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकांना, हे नीट माहीत असतं. आठवण करून देणारं कुणीतरी लागतं, एवढंच.

चौथा मालक आरोग्य विभाग. गेटाच्या आतली जागा आणि बऱ्याचदा गेटासमोरची पट्टीही रुग्णालयाच्या नावावर असते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं असतं, पण ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारचं. तिथली वाट वैद्यकीय अधीक्षकांकडून जिल्हा शल्य चिकित्सकांकडं जाते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात खेटे घालत बसाल तर वर्ष वाया जाईल. हद्दीबद्दल शंका असेल तर वैद्यकीय अधीक्षकांना भूमी अभिलेख कार्यालयाकडं मोजणीचा अर्ज द्यायला सांगा. दगड रोवले गेले की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी उघडी पडतात, आणि ती काम सुरू होण्याआधीच पडलेली बरी.

आता पैसे. प्रत्येक तुकड्याची पेटी वेगळी.

मुख्य रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर रुंदीकरण, रस्त्यालगतचं बंदिस्त गटार आणि पादचारी मार्ग हे राज्याच्या अर्थसंकल्पातलं काम होऊ शकतं. मार्चच्या अर्थसंकल्पात नाव आलं नाही तर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या असतात. हे आमदारांच्या पत्राशिवाय हलत नाही. त्यांच्याकडं नुसती मागणी घेऊन जाऊ नका, रस्त्याचा क्रमांक, साखळी आणि उपविभागानं केलेलं अंदाजपत्रक सोबत ठेवा. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर जिल्हा वार्षिक योजनेतली दोन लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाच्या खात्यांचे क्रमांक, लक्षात ठेवा: ग्रामीण मार्गासाठी ३०५४ आणि इतर जिल्हा मार्गासाठी ५०५४. अधिकारी दिवसभर याच आकड्यांत बोलतात. तुम्हीही तसंच बोला.

गल्लीसाठी तुमच्या गावाला मला सगळ्यात जवळची वाटते ती मोठ्या ग्रामपंचायतींना नागरी सुविधांसाठी मिळणारी विशेष अनुदानाची योजना. पाच हजारांवर लोकसंख्या असलेल्या पंचायतींसाठी ती आहे, आणि बाजाराचं गाव म्हणजे तुम्ही त्यात बसत असणार. ती जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनच चालते. दुसरा रस्ता ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाचा. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. गल्ली, गटार, काँक्रीटचा रस्ता सगळं चालतं. एसटीचा प्रवासी निवारा आमदार निधीतून मिळायला फारशी अडचण येत नाही. त्यासाठी एवढंच पाहा, की निवारा रुग्णालयाच्या बाजूला येईल. पलीकडच्या बाजूला झाला तर म्हाताऱ्यांना उसाच्या ट्रॉल्यांमधून रस्ता ओलांडावा लागेल.

सरपंच म्हणतात पैसे नाहीत. त्यांना तीन ठिकाणी बघायला सांगा. वित्त आयोगाच्या निधीतला अखर्चित पैसा आहे का? पंधराव्या आयोगानं, म्हणजे २०२१ ते २०२६ च्या काळात, साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला आणि चाळीस टक्के मोकळा ठेवला. सांडपाण्याची व्यवस्था या बांधलेल्या हिश्शात बसते, आणि तुमचं उघडं गटार म्हणजे सांडपाण्याचंच काम आहे. दुसरं, पंचायतीच्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. गटारावरचा उतार आणि हाताला धरायचा कठडा ही अडथळामुक्त सोय आहे, त्यातून मागता येते. रक्कम लहान असेल, पण गेटापाशी पाच-सहा मीटरचा कठडा व्हायला किती लागतात? तिसरं, गल्लीला अनुसूचित जातीची वस्ती लागून असेल तर त्या वस्तीच्या विकासाचा स्वतंत्र निधी असतो. तो त्या वस्तीच्या गरजेसाठीच वापरायचा, रुग्णालयाच्या नावानं वळवायचा नाही. पण वस्तीचं गटार नीट झालं तर तुमच्या गल्लीत पाणी येणार नाही, म्हणून दोन्ही कामांचा उतार एकत्र बसवून घ्या.

गेटाच्या आतलं आणि गेटासमोरचं काम आरोग्य विभागाच्या नावानं, तेही जिल्हा नियोजन समितीकडूनच मागायचं, बांधणार बांधकाम विभाग. रुग्ण कल्याण समितीच्या पैशाकडं बघू नका. तो रुग्णांच्या सोयीसाठी असतो, आणि तिथं तो कमीच पडतो. जवळच्या साखर कारखान्याला मात्र जरूर विचारा. आपल्या जिल्ह्यात राज्यातले सर्वाधिक कारखाने आहेत, आणि तुमचा रस्ता अडतो तो त्यांच्याच वाहतुकीनं. त्यांच्याकडं पैसे मागण्याआधी एक गोष्ट मागा, तीनशे मीटरच्या या पट्ट्यात ट्रॉल्या उभ्या राहणार नाहीत एवढी व्यवस्था. एखाद्या हंगामात एक माणूस शिट्टी घेऊन उभा राहिला तर ॲम्ब्युलन्सला उद्यापासून फरक पडेल. त्याला ना निविदा लागते ना मान्यता. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा सामाजिक दायित्वाचा निधी ज्यांना लागू आहे, त्यांच्याकडून दिवे किंवा झाडं मागता येतील. रस्ता आणि गटार मात्र त्यांच्या भरवशावर ठेवू नका, ते सरकारचं काम आहे.

एक सावधगिरी सांगतो. मालकीप्रमाणे तुकडे पाडणं रीतसर आहे. पण एकच काम ई-निविदा टाळण्यासाठी छोट्या छोट्या रकमांत तोडणं ही अनियमितता आहे. कुणी तसं सुचवलं तर ऐकू नका, लेखापरीक्षणात ते तुमच्याच सहीवर येईल. शिवाय एकाच साखळीवरचं काम दोन योजनांत मागितलं तर दोन्हीकडून जातं. म्हणून प्रत्येक प्रस्तावासोबत हे काम इतर योजनेतून मंजूर नाही असा दाखला जोडा, आणि तो खरा असू द्या.

आता 'प्रस्ताव द्या' म्हणजे काय ते. ग्रामसभेचा ठराव, जागा उपलब्ध असल्याचा दाखला, नमुना २३ चा उतारा, अभियंत्याचं अंदाजपत्रक, तारीख-ठिकाण दिसणारे फोटो, ज्या विभागाची जागा त्याची ना-हरकत, आणि लोकप्रतिनिधीचं शिफारस पत्र. एवढं एका फायलीत लावलं की झाला प्रस्ताव. अंदाजपत्रक सरकारी दरसूचीप्रमाणे शाखा अभियंताच करतो. त्यासाठी गावातल्या ठेकेदाराकडून आकडा लिहून घेऊ नका.

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं कामाच्या नावाबद्दल आहे. तुमच्या पत्रात एका ठिकाणी 'रुग्णालय परिसर सुशोभीकरण' असं आलं आहे. तो शब्द खोडा. सुशोभीकरण म्हटलं की नियोजन समितीत तुमचं काम कमानी आणि कारंज्यांच्या रांगेत जाऊन बसतं, आणि निधी कमी पडला की पहिली काट तिथं लागते. शिवाय जे मंजूर होतं ते नावाप्रमाणे होतं. मी अशा एका कामाच्या उद्घाटनाला उभा होतो. प्रवेशकमान झाली, हायमास्ट झाला, रंगीत कुंड्या आल्या, आणि कमानीखालून बाळंतीण चिखलातून चालत आत गेली. तिच्या सासूनं एका हातात बाळ धरलं होतं आणि दुसऱ्या हातात तिच्या चपला. त्या दिवसापासून मी कुणालाही सुशोभीकरण लिहू दिलं नाही. कामाचं नाव असं हवं: 'मौजे अमुक येथे प्रजिमा क्रमांक अमुक, किमी इतके ते इतके, एसटी थांबा ते ग्रामीण रुग्णालय, बंदिस्त गटार व पादचारी मार्ग बांधणे.' सोबत कारणाच्या दोन ओळी: रुग्णालयात रोज किती केसपेपर निघतात, महिन्याला किती बाळंतपणं होतात, १०८ ची ॲम्ब्युलन्स कुठं अडते. हे आकडे वैद्यकीय अधीक्षक लेखी देतील. गेटाबाहेरचं माझं नाही म्हणणाऱ्या माणसाकडं तुमच्या कामाला लागणारा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

सासूबाई कशा पडल्या हेही एका ओळीत लिहा. नाव नको, तारीख आणि जागा लिहा.

अंदाजपत्रक करताना अभियंत्याच्या शेजारी बसा आणि काही गोष्टी धरून ठेवा. पादचारी मार्गाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन तसंच आहे. मोकळी म्हणजे खांब आणि टपरी वगळून. दोन माणसं आजाऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून चालवतात, तेव्हा एवढी जागा लागतेच. कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, आणि चढ-उतार एकास बारा, म्हणजे बारा फुटात एक फूट. त्याहून चढा उतार व्हीलचेअर ढकलणाऱ्याला झेपत नाही. आधी गटार, मग मार्ग, आणि त्याच्याही आधी नळाची पाइपलाइन आणि केबल. हा क्रम चुकला तर नवीन फरशा फोडताना बघायची वेळ येते.

आपली माती काळी आहे, हे प्रत्येक ठेकेदाराला माहीत असतं आणि अंदाजपत्रकात मात्र ते विसरलेलं असतं. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. तिच्यावर थेट वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवले तर पहिल्या पावसाळ्यानंतर ते होडीसारखे हलायला लागतात. काठी टेकणाऱ्या माणसाची काठी नेमकी त्या फटीत जाते. माती उपसून खाली मुरमाचा दाबलेला थर आहे का, किती जाडीचा आहे, ही बाब अंदाजपत्रकात वेगळी लिहिलेली बघा. काम चालू असताना तो थर पडला का, रोलर फिरला का, हे मोबाइलवर टिपून ठेवा. गटारावरची झाकणं लोखंडी कड्या असलेली, दोन माणसांना उचलता येतील अशी काँक्रीटची करा. सैल फरशीनंच तुमच्या घरात ही आपत्ती आणली. आणि कायमचं बंद केलेलं गटार साफ करता येत नाही, ते वर्षभरात तुंबतं आणि मग कुणीतरी पहार घालून फोडतं.

हायमास्टचा मोह टाळा. एक उंच दिवा चौक उजळतो, कडेचं गटार त्याच्या सावलीतच राहतं. पंचवीस-तीस मीटरवर कमी उंचीचे दिवे चालणाऱ्याच्या उपयोगाचे. त्यांचं बिल कोण भरणार, याचा ठराव आधी करा. बिल थकलं की वीज तोडली जाते आणि खांब नुसते उभे राहतात.

झाडं हवीतच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि केसपेपरच्या रांगेत लोक त्या उन्हात उभे असतात. कडुनिंब आणि करंज लावा, आपल्या साडेपाचशे मिलिमीटरच्या पावसात तीच तग धरतात. पंधरा झाडं लावा, पण प्रत्येकाला जाळी आणि तीन उन्हाळे पाणी घालणारं नाव ठरवून. तुमच्या बचत गटानं हे काम घेतलं आणि पंचायतीनं त्याचे पैसे दिले तर झाडं जगतील. वृक्षारोपणाच्या फोटोपुरती लावलेली झाडं मी खूप मोजली आहेत.

आता टपरीवाले. त्यांना उठवायला निघाल्या आहात का, या प्रश्नाचं तुमचं उत्तर 'नाही' असू द्या, आणि ते मनापासून असू द्या. रात्री अकराला बाळंतपण झालेल्या घरच्या माणसाला चहा मिळतो तो त्या टपरीवर. शहाळं, बिस्किटचा पुडा, झबलं-टोपरं, मोबाइलचं चार्जिंग, सगळं तिथंच. त्यांना हलवलं तर रुग्णांच्या नातेवाइकांचे हाल होतील. कायद्यानं पाहायचं तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. पण पहिल्याच दिवशी नोटीस हातात दिली तर ग्रामसभेत तुमचा ठराव पडेल, आणि पडायलाही हवा. मोजणीच्या कागदावर एकेक टपरी दाखवा. गटाराच्या पलीकडं किंवा गल्लीच्या तोंडाशी ओट्यांची एक ओळ आखा, तेवढी जागा बहुतेक निघते. टपरीवाल्यांना बोलावून कागद पुढ्यात ठेवा आणि कुणाचा ओटा कुठला हे त्यांनाच ठरवू द्या. पादचारी मार्ग झाला की गिऱ्हाईक त्यांच्या दारावरून चालत जाणार, त्यांचा यात फायदाच आहे. वडापच्या जीपांना मात्र गेटापासून लांब थांबा द्यावाच लागेल, तिथं तडजोड करू नका. रुग्णालयाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. हॉर्न बंदीची पाटी लावायला फार खर्च येत नाही, ती या महिन्यातच लावून घ्या.

वेळेचं बघा. आत्ता कार्तिक चालू आहे, गळीत हंगाम सुरू होतोय. पुढच्या वर्षाचा जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यातच आकाराला येतो. पंचायतीच्या विकास आराखड्याचेही हेच दिवस. त्यात तुमचं काम नसेल तर नंतर वरून पैसे आले तरी खर्ची टाकायला अडचण येते. म्हणून मोजणी या आठवड्यात, नमुना २३ ची नोंद पुढच्या मासिक सभेत, अंदाजपत्रक डिसेंबरात आणि ठराव उशिरात उशिरा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवीन मंजुरी थांबते, पण मोजणी, अंदाजपत्रक, नोंदी थांबत नाहीत. तो काळ कागद पक्के करण्यात घालवा. आणि सगळे तुकडे एकाच वर्षी मिळणार नाहीत, हे गावाला आधीच सांगून ठेवा. पहिल्या वर्षी गटार आणि गेटासमोरचे चाळीस मीटर मागा. माझ्या मते तेवढं मिळालं तरी पुढचं मागायला तुमचे पाय भक्कम होतील.

काम झालं की दोषदायित्वाचा काळ किती आहे ते फलकावर लिहून घ्या. त्या काळात फरशी हलली, मार्ग खचला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. लोकांना हे माहीत नसतं आणि पंचायत स्वतःचे पैसे घालून बसते.

अजून एक. सासूबाई आता वॉकर घेऊन चालत असतील, तर डॉक्टरांना विचारून त्यांना एखाद्या सकाळी थांब्यापासून गेटापर्यंत सोबत न्या. घाई करू नका. दम लागून त्या जिथं थांबतील, आधारासाठी जिथं हात पुढं करतील, जिथं रस्ता ओलांडायला घाबरतील, त्या जागा तुमच्या मोजणीच्या कागदावर खुणा करून घ्या. बाक, कठडा आणि ओलांडायची जागा तिथंच मागायची. तो कागद माझ्याकडं पाठवा, कामाचं नाव आणि कारणाच्या दोन ओळी मी लिहून देतो.